पहिल्याच वेळी बरोबर होते

माझा धाकटा भाऊ मधुसूदन गेला त्याला आज सात आठवडे झाले. वार्ता आली तेव्हा मी देवघरात होतो. संध्याकाळचा नैवेद्य नुकताच दाखवून झाला होता. ओसरीवर सुनेने फोन उचलल्याचे ऐकू आले. मग दाराशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, धाडहून काकूंचा फोन होता. काका गेले." हातातली पळी मी ताम्हनात ठेवली आणि, का कोण जाणे, एवढेच विचारले, "जेवला होता का?" ती म्हणाली, "जेवले होते. दुपारचे आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मग मी देवासमोरचा नैवेद्य तसाच झाकून ठेवला आणि सदरा घालायला उठलो...

धाडला पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. बहुतेक एसटीतली. मधूने तेथील बसस्थानकावर एकवीस वर्षे वाहतूक नियंत्रकाचे काम केले. त्याचा कर्ण्यावरचा आवाज पंचक्रोशीच्या कानातला. एक निवृत्त चालक मला जागा देत म्हणाले, "गुरुजी, मधुभाऊनं बुलढाण्याची गाडी तीनदा पुकारल्याबिगर कधी सोडली नाही." त्यावर दुसऱ्याने सांगितले की प्रवासी त्याला चिडवत, "मधुभाऊ, आमाले पह्यल्यांदाच ऐकू आलं, आता जाऊ द्या ना गाडीले." आणि मधू उत्तर देई, "तुले आलं बे, मले कुठं आलं?" मृताच्या अंगणात जेवढे हसता येते तेवढे सगळे हसले. मला हसू आले नाही. त्या उत्तराचा अर्थ त्या अंगणात दोघांनाच ठाऊक होता, एक मला आणि एक आत बसलेल्या सुमनला, त्याच्या पत्नीला.

दैनिकाच्या या पुरवणीसाठी त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे संपादकांनी सुचवले, तेव्हा त्याची सचोटी, त्याचा विनोदी स्वभाव, कधी न चुकलेली हजेरी, असे सगळे डोळ्यांपुढे आले आणि ते सर्व खरेच आहे. परंतु सुमनला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दादा, लिहाल तर खरं लिहा. नाहीतर राहू द्या." पुढील मजकूर मी तिला वाचून दाखवला आहे.

आमचे घर देऊळघाटचे, भिक्षुकीचे. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते स्वच्छ वाणीचे, कडक नेमाचे, निःस्पृह असे विद्वान होते. दक्षिणेवरून त्यांच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही. घरीच पाच-सहा मुलांना शिकवीत. पुढे मी चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, पौरोहित्य केले, लोकांनी मला गुरुजी म्हटले, ते सारे नानांचे देणे आहे. त्यांच्याविषयी उणा शब्द लिहिताना या वयातही माझा हात अडखळतो. तरी लिहितो. पाठात चूक झाली की शिक्षा असे. छडीचे मी सांगत नाही, ती त्या काळी घरोघरी होती. आमच्या घराच्या मागल्या अंगाला धान्याची कोठी होती. ज्वारीची पोती, कडुनिंबाच्या पाल्याचा उग्र वास आणि वर हाताएवढा झरोका. चुकणाऱ्याला तीत बसवायचे, बाहेरून कडी घालायची, आणि आतून त्याने पाठ निर्दोष म्हटला की कडी काढायची, अशी पद्धत होती. नानांना यजमानांकडे जावे लागे, म्हणून पुष्कळदा ऐकायला मी बसे. मी अकरा वर्षांचा होतो, मधू सात वर्षांचा. चूक झाली की बाहेरून म्हणायचे, "चुकलं. पुन्हा." तेही नानांच्या ढंगात, तोडून म्हणायचे, म्हणजे मुलाला धाक राहतो, अशी आज्ञाच होती. दाराबाहेर नाना आहेत की मी, हे आतल्याला दिसत नसे.

चैत्रातली एक दुपार होती. त्याच आठवड्यात एका सूक्ताच्या सातव्या ऋचेवर मी यजमानांसमोर अडलो होतो, नानांनी सर्वांदेखत माझ्या मुस्काटात दिली होती आणि म्हटले होते, "हे धाकटासुद्धा तुझ्याआधी म्हणेल." त्या दुपारी तेच सूक्त चुकल्याबद्दल मधू कोठीत होता आणि नाना शेजारच्या गावी गेले होते. मी दाराबाहेर पाट टाकून बसलो. आतून त्याचा बारीक आवाज सुरू झाला. पहिली ऋचा, दुसरी, तिसरी... मी मनात सोबत म्हणत होतो. सातवी आली आणि तो ती पाण्यासारखी म्हणून गेला. शेवटपर्यंत एक मात्रा हलली नाही. माझा हात कडीवर गेला होता. तो मी मागे घेतला आणि नानांच्या ढंगात म्हणालो, "चुकलं. पुन्हा."

त्याने पुन्हा म्हटले. पुन्हा निर्दोष. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी आतून प्रश्न आला, "नाना, कुठं चुकलं?" त्याला वाटले होते, बाहेर नाना आहेत. मी ते वाटू दिले आणि उत्तर दिले, "तूच शोध." दिवेलागणीपर्यंत तो शोधत राहिला. शोधता शोधता खरोखर चुकू लागला, मग शब्द गाळू लागला, मग गप्प झाला. नाना आले, त्यांनी कडी काढली, विचारले तर त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. त्याला छडी बसली. मी तिथेच उभा होतो.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. काही वर्षांनी ती आठवेनाशीही झाली, निदान तसे मी मानले. मधूने मात्र मॅट्रिकनंतर पाठ कायमचा सोडला, एसटीत वाहक म्हणून लागला आणि डेपोतल्या मित्रांची वऱ्हाडी बोली अशी अंगावर घेतली की नाना त्याच्याशी बोलेनासे झाले. "मले", "तुले", "काऊन" असले शब्द आमच्या घरात कधी उच्चारले गेले नव्हते. मी एकदा टोकले तर हसून म्हणाला, "दादा, ह्या बोलीत मले कोणी पुन्हा म्हणायले लावत नाही." मी तो थट्टेचा विषय समजलो. लग्नानंतर सुमन पिंपळगाव राजाहून आमच्या घरात आली आणि तिच्या तोंडून त्याच्या इतर सवयी कळत गेल्या. कुलूप लावायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, परत येऊन ओढून पाहायचे. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या रस्त्यातून फिरायचे. पत्र टपालपेटीत टाकले की पेटीखाली वाकून पाहायचे. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, दादा," ती एकदा म्हणाली होती, "अजून आम्ही एका खेपेत घरातून निघालो नाही." आम्ही सगळे हसलो होतो. तोही.

अठरा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी रेवती तापाने गेली. एकोणीस वर्षांची होती. पहिले दोन दिवस मधूने गावातल्याच गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी बुलढाण्याला नेले. आधी आणली असती तरी फरक पडला नसता, असे डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले. त्याने ते ऐकले, मान हलवली, आणि तेव्हापासून त्याची झोप गेली. बसल्या जागी छाती धडधडे, घाम फुटे. महिन्याभराने तो माझ्याकडे आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "दादा, नाना कानात बोलतात. 'चुकलं, पुन्हा' म्हणतात... पुन्हा कसं करू मी? पोरगी एकच होती."

माझ्या शास्त्राभ्यासाने मला जे उत्तर दिले ते मी त्याला दिले. दिवंगत पिता कानात बोलतो, म्हणजे पितर अतृप्त आहेत; तर त्रिपिंडी श्राद्ध करावे. वास्तविक कर्ता म्हणून ज्येष्ठ पुत्राने बसायचे, परंतु आवाज मधूला ऐकू येतो, म्हणून मी त्याला पाटावर बसवले आणि पौरोहित्य स्वतःकडे घेतले. पैनगंगेच्या काठी, उघड्यावर, सकाळच्या उन्हात. जानवे उजव्या खांद्यावर, हातात दर्भ, पुढ्यात तीन पिंड. मी मंत्र सांगायचा, त्याने म्हणायचा. जवळजवळ चाळीस वर्षांत त्याने असे शब्द उच्चारले नव्हते. तो अडखळला. माझ्या मनात कसलाही किंतू नव्हता, केवळ कर्म यथासांग व्हावे एवढीच चिंता होती; आणि चौतीस वर्षे मुलांना शिकवताना जिभेवर बसलेले शब्द आपोआप बाहेर पडले, "चुकलं. पुन्हा."

मधूने माझ्याकडे पाहिले. मग त्याचे ओठ पांढरे पडले आणि तो पिंडांवरच कोसळला.

लोकांनी त्याला उचलून झाडाखाली नेले, तोंडावर पाणी मारले. उपाशी होता म्हणून भोवळ आली, असे मीच सर्वांना सांगितले. परंतु तो कोसळला त्या क्षणी ती चैत्रातली दुपार, ती कडी, तो झरोका, सगळे माझ्यापुढे येऊन उभे राहिले होते. त्याच्या कानात बोलणारे नाना नव्हते. तो मी होतो. हे मला त्या दिवशी कळले आणि मी बोललो नाही. त्यानंतर अठरा वर्षे बोललो नाही. दरवर्षी नानांच्या तिथीला तो यायचा, पंक्तीत बसायचा. आणि मी त्याला आग्रह करून खीर वाढायचो.

गेल्या वर्षी सुमनने एक गोष्ट मला न विचारता केली. आठवडी बाजारात तिला जुनी शेजारीण भेटली, तिचा मुलगा बुलढाण्याला एका समुपदेशक बाईंकडे जाऊन सुधारला होता. सुमनने पत्ता घेतला आणि बुधवारी मधूला घेऊन गेली. मला कळले तसा मी धाडला गेलो. माझ्या बोलण्यात राग नव्हता, पण तिरस्कार असावा. "घरातल्या गोष्टी परक्या बाईपुढे कशाला मांडायच्या?" असे मी विचारले. सुमन माझ्यासमोर कधी उलटून बोललेली नव्हती. त्या दिवशी भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाली, "घरातल्या माणसांपुढे अठरा वर्षं मांडून पाहिल्या, दादा."

मधूने वातावरण हलके करायला म्हटले, "अरे, ते काही वेड्याचं नाही. डॉक्टरनं झोपेची एक गोळी देली हाये, बाकी बोलणंच हाये. मॅडम इचारतात अन् मग ऐकतात. मधात चुकलं म्हणत नाही."

"आणि तू काय सांगतोस?"

"जे आठवते ते. रेवतीचं सांगतो. कोठीचं सांगतो."

मी पाणी मागितले.

त्यानंतर दर बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. लहान मूल शाळेतले सांगते तसा तो तिथले सांगे. छाती धडधडू लागली की पाय जमिनीवर टेकवून श्वास कसा मोजायचा, रेवतीचे कपडे अजून का ठेवले आहेत, पहिल्यांदा किती रडलो, असे सगळे. मला ऐकवत नसे, आणि फोन ठेवूनही देववत नसे. एका बुधवारी म्हणाला, "आज मॅडमनं इचारलं, तो आवाज कसा हाये, जाडा का बारीक? मी म्हटलं, नानाचा हाये. त्या म्हणे, घाई नका करू, नीट ऐका. मी डोळे मिटून ऐकलं, दादा... आवाज बारीक हाये. नानाचा तं घोगरा होता." मग त्याने विचारले, "त्या दिवशी बाहेर तू होता का?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

जन्मभर मुलांकडून सत्याची सुभाषिते पाठ करून घेतलेला माणूस मी. खोटे बोलायला मला दोन शब्द पुरले.

पुढच्याच आठवड्यात निरोप आला की थोरल्या भावाला एकदा सोबत आणता येईल का, असे मॅडमनी विचारले आहे. मी श्रावणाचे कारण सांगितले. मग पितृपंधरवडा आला. त्या दिवसांत नानांविषयी असे काही बोलणे मला महापाप वाटले, आणि ते वाटणे खोटे नव्हते. नंतर दिवाळी. नानांची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून मी जात नाही, असे मी स्वतःला सांगत होतो. नानांच्या आड माझीच अप्रतिष्ठा लपलेली आहे, हे मला दिसत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही, दिसत होते. दरम्यान मधूचे फोन थांबले. दोन बुधवार गेले, तेव्हा मीच सुमनला फोन केला. ती म्हणाली, "ते आता तुम्हाला विचारायचं नाही म्हणतात, दादा. म्हातारपणी दादाला कशाला त्रास, म्हणतात. आवाज बारीक आहे म्हणजे माझाच असंल लहानपणचा, मीच मला म्हणत असंन, असं काढलं त्यांनी. तेव्हापासून जेवण कमी झालंय."

मी त्याला जे दिले होते ते तो आता स्वतःच्या नावावर घेत होता. मी तिला म्हणालो, "या बुधवारी येतो."

बुलढाण्याच्या बसस्थानकावर तो माझी वाट पाहत उभा होता, नवा सदरा घालून. समुपदेशन केंद्र एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढताना त्याने माझा हात धरला. मॅडम माझ्या नातीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "गुरुजी, इथं परीक्षा नाही. तुम्हाला जे आठवतं तेवढंच सांगा." मी वाक्ये मनात बांधून नेली होती. त्यांतले एकही कामी आले नाही. मी मधूकडे न पाहता म्हणालो, "तो आवाज माझा होता. नाना घरी नव्हते."

मधूने विचारले, "कोणत्या बारीले बरोबर झालं होतं?"

"पहिल्याच."

"अन् मग?"

"सगळ्या वेळी बरोबर होतं. तू दमेपर्यंत."

"काऊन केलं तसं?"

"मला येत नव्हतं. तुला आलं."

तो स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहिला. म्हणाला, "सात वर्षाचा होतो मी, दादा." मग उठला आणि बाहेर गेला. मी उठू लागलो तेव्हा मॅडमनी हाताने मला थांबवले. "त्यांना जाऊ द्या," त्या म्हणाल्या. मग सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्हीही अकराच वर्षांचे होता." मी त्यांना पैनगंगेच्या काठचे सांगितले आणि म्हणालो, "अकरा वर्षांच्या मुलाला कदाचित कुणी क्षमा करील, बाई. त्या दिवशी मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, आणि त्यानंतरची अठरा वर्षे तर पुरता शहाणा होतो." त्यांनी सांत्वन केले नाही. पुन्हा यावे असे वाटले तर या, एवढेच म्हणाल्या. मी म्हणालो, माझे काम झाले. बसस्थानकावर येऊन पाहतो तो मधू धाडच्या बसमध्ये जाऊन बसला होता. खिडकीतून त्याने माझ्याकडे पाहिले, हात केला नाही.

दोन महिने त्याचा फोन नाही. मीही केला नाही. तो अधिकार मी गमावला होता. सुमन मधूनमधून कळवी. छाती धडधडणे पुरते थांबले नव्हते, रेवतीच्या आठवणीने होणारी तगमगही तशीच होती, परंतु झोप येऊ लागली होती. आणि एक दिवस हसत, रडत तिने सांगितले, "आवाज येतो अजून. पण आता ते त्याला म्हणतात, 'गप बे दादा, बरोबर होतं.' अन् काल, दादा, आम्ही एका खेपेत घरातून निघालो. कोपऱ्यावर मीच थांबले सवयीनं. ते म्हणे, चाल, लावलं कुलूप."

माघात एका सकाळी तो न कळवता देऊळघाटला आला. ओसरीवर बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "राग गेला नाही, दादा. सांगून टाकतो."

"राहू दे."

"मॅडम म्हणतात, येऊ द्या राग. मी म्हटलं, एवढा मोठा ठेवू कुठं? दोन खोल्याचं घर आमचं."

त्याला हसू आले, मग मलाही. त्या हसण्याने धीर येऊन मी असे काही केले की जे आमच्या कुळात थोरल्याने धाकट्याच्या बाबतीत कधी केले नसेल. मी उठलो आणि त्याच्या पायांशी वाकलो. तो झटक्यात मागे सरला, कप कलंडला. "हे नको," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कठोर होता. "थोरल्यानं पाय धरले की धाकट्याले माफ कराच लागते. मी अजून तिथवर आलो नाही. आलो की माझं मी सांगीन."

मी मागे येऊन बसलो. त्याचे म्हणणे धर्माला धरूनच होते. माझे ते वाकणे हा नमस्कार नव्हता. रीतीचा आधार घेऊन मी पुन्हा एकदा त्याच्याकडून काहीतरी वदवून घेऊ पाहत होतो. तो जेवून गेला. सुनेने केलेला ठेचा त्याला आवडला, तो डबीत बांधून घेतला. फाटकापाशी वळून म्हणाला, "येतो." ती आमची शेवटची भेट. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो दुपारचा झोपला तो उठला नाही, आणि सांगायचे होते ते राहिले. तो तिथवर आला असता की नाही, हे मला माहीत नाही. आला असता, असे धरून चालणे माझ्या सोयीचे आहे, म्हणून मी तसे धरत नाही.

तेराव्याला कुणी म्हणाले, "शांतपणे गेले, पुण्यवान माणूस." सुमनने मला बाजूला बोलावले. मला वाटले, काही देण्याघेण्याचे असेल. ती म्हणाली, "दादा, मॅडमचा फोन आला होता. बुधवारची त्यांची वेळ दुसऱ्या कुणाला देऊ का, विचारत होत्या. मी म्हटलं, मला द्या." आणि मग, कदाचित माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "रेवती माझीही होती. मला अजून कुणी विचारलंच नाही."

आम्ही कुणीच विचारले नव्हते. मीही नाही.

तिच्यानंतरची वेळ मी स्वतःसाठी मागून घेतली. आता दर बुधवारी ती धाडहून येते, मी देऊळघाटहून, आणि जिना आम्ही सावकाश चढतो. आधी ती आत जाते. बाहेर व्हरांड्यात एक बाकडे आहे, तिथे मी बसतो. आतून तिचे बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. कधी ते बराच वेळ थांबते, कधी रडणे येते. मी जपमाळ नेत नाही. पहिल्या दिवशी नेली होती, पण हात मण्यांवर आणि कान दाराकडे, असे होऊ लागले, म्हणून घरी ठेवली. पाऊण तासाने ती बाहेर येते, पदराने तोंड पुसते आणि म्हणते, "जा दादा, तुमची वेळ झाली."

मी आत जातो. खिडकीपाशी एक खुर्ची आहे, तिच्यावर मधू बसत असे. मॅडम म्हणतात, कुठेही बसा. मी दाराजवळच्या खुर्चीत बसतो.